सोडियमची पिवळी रेघ

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

घसा पार बसलाय. क्लासच्या तीन बॅचना आज अणूंचे वर्णपटच शिकवले. सकाळच्या बॅचला फळ्यावर सोडियमची पिवळी रेघ ओढली, तर औशाहून येणारी प्रतीक्षा उठली. "सर, ही रेघ तुम्ही बघितलीय का?"

"हाव," म्हणालो. लगेच. तिनं मान डोलावली, रेघ वहीत उतरवून घेतली.

वीस वर्षं शिकवतोय, पण ती पिवळी रेघ मी फक्त पुस्तकात बघितलीय. परीक्षेत दाखवायला लावत नाहीत म्हणून पोरांना दाखवली नाही, ते जाऊ दे. पण मी स्वतः?

घरी येताच स्वयंपाकघरात अंधार केला. ओल्या चमच्यात मीठ घेऊन गॅसच्या ज्योतीत धरलं, समोर जुनी सीडी तिरपी केली. एरवी सीडीत सगळे रंग दिसतात. आता एकच पिवळी रेघ.

बायको दारात येऊन उभी. "हे काय करायलाव, सैपाकाच्या वेळेला?"

"बघायलोय."

तीही वाकली. "एवढंच?"

एवढंच. दोन मिनिटांचं काम.

आता खरंच हाव म्हणता येईल. पण प्रतीक्षा परत विचारणार नाही. तिनं सकाळीच विश्वास ठेवला.