भाजी त्याच्या डब्यात, पोळ्या तिच्या

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून वही सुरू. मी डॉक्टर होणार. इंजेक्शनवाली नव्हे, नवरा-बायकोची भांडणं मिटवणारी. मॅरेज अँड फॅमिली थेरपी. घरबसल्या, मोबाइलवर. नातीने, इराने, कॉलेजांची यादी काढून दिली. म्हणाली, आजी, यू आर सेव्हन्थ पास. म्हटलं, तेव्हाची सातवी आहे ती. शारजातल्या, अल मजाजच्या या टॉवरमधली निम्मी भांडणं मी लिफ्टमध्येच ऐकते.

३ नोव्हेंबर, सोमवार
तीन कॉलेजं. पहिल्यात दहा दिवस अमेरिकेला जायचं. कॅन्सल, गुडघे. दुसऱ्याच्या फोटोत सगळे रडतायत. तिसऱ्यात जोडप्यांबरोबर पाचशे तास बसायचं. हेच ठरलं. ॲडमिशनवाला रोनित फोनवर म्हणाला, मॅम, पहले बी.ए., फिर एम.ए. म्हटलं, ती दोन्ही मधल्या वेळात उरकते. अण्णासाहेबांबरोबर एकेचाळीस वर्षं संसार केला, ते तास धर. गेलेल्या नवऱ्याचे धरत नाहीत म्हणे. पण मला दोनदा डॉक्टर कमलिनी म्हणाला. गुणी मुलगा.

४ नोव्हेंबर
प्रॅक्टिसला जोडपं घरातच आहे. मुलगा सिद्धार्थ, सून विभावरी. भांडत अजिबात नाहीत. बोलतच नाहीत, म्हणजे निम्मं काम झालेलंच. सिद्धार्थ हॉलमध्ये झोपतो. तिथला एसी बरा आहे.

५ नोव्हेंबर, पहाटे साडेपाच
कांदा चिरताना उपाय सुचला. दोघांची ऑफिसं दुबईत, अल बर्शात, एकमेकांपासून पाच मिनिटांवर. आजपासून सगळी भाजी त्याच्या डब्यात, सगळ्या पोळ्या तिच्या. जेवायला भेटावंच लागेल. थिसिस यावरच लिहिणार.
संध्याकाळी: सिद्धार्थने कॅफेटेरियातली अरबी रोटी, खुबूस, घेतली. तिने मैत्रिणीची डाळ. पहिलाच दिवस आहे.

१३ नोव्हेंबर
अजून खुबूसच. आज भरली वांगी केली, विभावरीचा जीव की प्राण. त्याच्या डब्यात. वांगी जशीच्या तशी परत. विभावरी म्हणाली, आई, प्लीज, तुम्ही यात पडू नका. किती शांतपणे म्हणाली. फरक पडतोय.

१८ नोव्हेंबर
टेबलावर अल बर्शाच्या फ्लॅटचे कागद. कंटाळली बिचारी विभावरी, शारजाहून रोज दीड तास जाम. सगळे तिकडे जाणार तर. इराला विचारलं, खोल्या किती. वन बेडरूम, आजी, म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. चालेल. मी हॉलमध्ये झोपेन. सिद्धार्थला तर हॉलची सवयच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
सामान न्यायला माणसं आली. मी सकाळीच बॅग भरून, देव टॉवेलात गुंडाळून दाराशी बसले. इराचं टेबल गेलं, गादी गेली, विभावरीचं कपाट गेलं. माझ्या बॅगेला कुणी हात लावेना. विभावरीने वाकून नमस्कार केला. इरा गळ्यात पडली, सी यू ऑन वीकेंड्स म्हणाली. लिफ्ट खाली गेली. मग सिद्धार्थ म्हणाला, आई, उठ. आपण दोघं इथेच आहोत.
देव परत मांडले.

२४ नोव्हेंबर
पाचला उठले. सवयीने सहा पोळ्या तिच्या डब्यात भरल्या. सिद्धार्थ भाजी घेऊन एकटाच गेला. पोळ्यांचा डबा ओट्यावर राहिला.
रोनितचा फोन. डॉक्टर कमलिनी, फॉर्म कधी भरताय. म्हटलं, नुसतं कमलिनी म्हण.
दुपारी लोणच्याशी दोन पोळ्या खाल्ल्या. चार उरल्या.
उद्यापासून पोळी-भाजी एकाच डब्यात.