बातम्यांच्या आवाजात सुट्टी

तीर्थरूप वहिनींना,

नमस्कार वाकून करायचा असतो, पण परवा तासभर तुमच्या पहिलीच्या वर्गातल्या चिमुकल्या खुर्चीवर बसल्यापासून माझं वाकणं बंद आहे. तेव्हा हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्या. पाय कसा आहे? प्लॅस्टरच्या आत खाज सुटते म्हणून तुम्ही विणायची सुई घालता, असं दादा म्हणाला. घालू नका. (आणि दादा म्हणाला असं त्याला म्हणू नका.)

तास कसा झाला, हे तुम्ही फोनवर पुन्हा पुन्हा विचारलंत आणि प्रत्येक वेळी मी ‘छान’ म्हणालो. छान या शब्दात पुष्कळ काही लपवता येतं. आता खरं सांगतो. मुख्याध्यापिकाबाई त्याच दिवशी येऊन बसणार, आणि त्यांना पसंत पडलं नाही तर गोष्ट वाचण्याचा हा तास काढून तिथे शुद्धलेखन घालणार, हे मला ठाऊक होतं. हा तास मिळवायला तुम्ही किती भांडलात, तेही ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही मला पाठवलंत. इतकी वर्षं रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या माणसाला चित्रांचं पुस्तक काय जड? मलाही अगदी असंच वाटलं. जाताना गरम पाण्याच्या गुळण्या करून गेलो.

पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा, पान उलटायच्या आधी थांबा, ‘पुढे काय होईल?’ विचारा, ही तुमची शिकवण. पहिली गोष्ट मी दारातच विसरलो. स्टुडिओत कागद माझ्याकडे असतो आणि मायक्रोफोनने आजवर चित्र मागितलेलं नाही. इथे लगेच गिल्ला झाला, ‘चित्र दाखवा ना!’ दाखवलं, तर मला अक्षरं दिसेनात. मग पुस्तकाच्या वरून मान लांब करून उलटं वाचू लागलो. एकाने मला चष्मा लावायला सांगितलं. लावलेलाच होता.

पण खरी गोची पुढेच होती. ‘आई, बाबा आणि दोन मुलं सुट्टीत समुद्रावर निघाली,’ हे पहिलं वाक्य. मला येतं तसंच वाचलं: ठाम, सावकाश, प्रत्येक शब्दाला सारखं वजन. वर्ग एकदम चिडीचूप. मनात म्हटलं, जिंकलं! तेवढ्यात पुढचे दात पडलेल्या एका मुलाने हळूच विचारलं, ‘मेले का?’

म्हटलं, कोण? तर म्हणे, ‘आई-बाबा.’

वहिनी, या पोरांना माझा आवाज माहीत आहे. तो स्वयंपाकघरात सुरू झाला की मोठी माणसं ‘गप्प बसा रे’ म्हणतात, आणि संपला की ‘अरेरे’ म्हणतात. ऐकलेल्यावरून न सांगितलेलं ओळखावं, हे तुम्हीच त्यांना शिकवलंय. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे विचारत गेलो, पुढे काय होईल? बसच्या पानावर मुलांनी पूल पाडला. नंतर रस्ता बंद झाला. ‘मग चौकशी होणार,’ एक जण म्हणाला (हे पोर पुढे जाणार). समुद्राच्या पानावर दोन वेण्यांच्या मुलीने मच्छीमारांना इशारा दिला, तोही हुबेहूब माझ्या चालीत. मागे बाई बसलेल्या. वातावरण हलकं करावं म्हणून आइस्क्रीमच्या पानावर मी मोठ्याने हसलो. ते ऐकून दोन मुलं रडायला लागली. बातम्या देणारा हसायला लागला म्हणजे काही उरलं नाही, असा त्यांनी अर्थ काढला असावा. मीही तोच काढला असता.

शेवटी वेण्यांवाली उठली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही नका वाचू. तुम्ही नुसतं धरा.’

धरलं. पुन्हा पहिल्या पानापासून. चित्रावरून त्यांनी गोष्ट सांगितली, ओळखीचं अक्षर आलं की बोट ठेवून वाचलं, आधी बादली भरली की आधी बस आली यावरून पोरं भांडली. बाबांच्या एकाच पायात चप्पल आहे, हे त्यांनी मला दाखवलं. मी घरी ते पुस्तक दोनदा वाचून गेलो होतो. शेवटच्या पानावर दात पडलेल्याने सगळ्यांच्या डोक्यांवर बोट ठेवून खात्री केली आणि जाहीर केलं, ‘सगळे आले परत.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मिळालेली बातमी मी जन्मात वाचलेली नाही.

जाताना बाई म्हणाल्या, ‘मुलं छान वाचतात. तुमचं नेमकं काम काय होतं?’ उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाल्या, ‘पुढच्या गुरुवारी परत बसते. कुणी रडलं नाही, तर तास राहील.’

तेव्हा वहिनी, तुमच्या तासाच्या भल्यासाठी सांगतो, दुसरं कुणी बघा. दादाला पाठवा, तो औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा रंगवून वाचतो. शिवाय गुरुवारी माझी ड्युटी आहे. मला जमणं केवळ अशक्य.

तुमचा,
भावजी

ता. क. ड्युटी बदलून घेतली.

ता. क. (दुसरा, दादाने हा वाचू नये) पुढचं पुस्तक शाळेतून मागून आणलंय. ससा सुट्टीत मामाकडे जातो. काल घरी आरशासमोर उभा राहून, होता नव्हता तेवढा आनंद आवाजात घालून पहिलं पान वाचलं. शेजारच्या आजी धावत आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या, ‘कुठे झालं हो?’

रविवारी सकाळी येतो. मला वाचायला शिकवा.