पोरांवर नाव घालायचं राहिलं

बाबा,

मी तुमच्यावर रागावलेली आहे, आणि हे म्हणायला मला इतकी वर्षं लागली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. तुम्ही आणि आई एकाच गाडीवर मेडशीच्या लग्नाला गेलात आणि दोघंही परत आला नाहीत, त्यात तुमचा काय दोष? राग त्याचा नाही. राग त्याच्या आधीच्या एका संध्याकाळचा आहे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीपाशी पाटावर बसला आहात, मी आणि दादा ताटं घेऊन वाट बघतो आहोत. आई मधेच म्हणते, "आपन दोघं संगच जातो गाडीवर. काई झालं त पोरायले कोन पाहीन? कोनाचं तरी नाव कागदावर लिहून ठेवा ना." तुम्ही ताट सरकवलंत. "दिवेलागणीच्या टायमाले काय अभद्र बोलून राह्यली? माहा भाऊ नाई का? तुहा भाऊ नाई का? ते काय पोरायले वाऱ्यावर सोडतीन?" पुढची भाकरी करपली.

सोडलं नाही हो, कोणीच सोडलं नाही. तिथंच तर सगळा घोळ झाला. तेरवीला काका म्हणाले, पोरं माझी. मामा म्हणाले, बहिणीची पोरं मी नेतो. अंगणात पंगत उठली नव्हती तोवर ओसरीवर दोघांची तणतण सुरू. भांड्यांवरून मात्र कोणी भांडलं नाही. तुम्ही किती हौसेनं प्रत्येक ताट-वाटीवर, अगदी चमच्यावरसुद्धा, नाव घालून आणायचात, कोणाच्या कार्यात गेलेलं भांडं चुकू नये म्हणून. आईच्या माहेरच्या नावाचं मामांकडे गेलं, तुमच्या नावाचं काकांकडे. आम्ही दोघं तिथंच उभे होतो, आणि आमच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. शेवटी जाणत्यांनी तोड काढली. वावर पुढं दादानंच कसायचं म्हणून तो काकांकडे, आणि मी मामांसोबत शिरपूरला. मला कोणी विचारलं नाही.

मामीनं मला जीव लावला, खोटं कशाला बोलू? पण दादा दिवाळीला आला की मामी त्याच्यासाठी पाट मांडायची, ताटाभोवती रांगोळी काढायची. सख्खा भाऊ पाहुणा झाला माझा. मी रडले तर मामीला वाटायचं, हिला आपण काय कमी केलं. म्हणून रडायचं नाही. वाईट कोणीच नव्हतं, त्यामुळे भांडताही आलं नाही. चांगल्या माणसांच्या घरात कोंडल्यासारखी वाढले मी.

आता माझी पोरगी चौथीत आहे. तिचे बाबा गेल्या वर्षी गेले, आणि सोमवारी अकोल्याला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण मी जशी तुमची तशी आईचीही लेक आहे. दीर म्हणतात, "वयनी, टेन्शन नका घेऊ, पोरगी आमचीच हाय." दादाचा फोन येतो, "मी मामा हाओ ना तिचा? मी घेऊन येतो तिले." तीच ओसरी, बाबा, तीच तणतण, फक्त या वेळी ती मी जिवंतपणी ऐकते आहे. राहते दिरांच्या घरात, आणि दादा तर माझा दादा; नाही म्हणू तरी कोणाला? वाशिमच्या वकीलबाई साफ म्हणाल्या, "तोंडी बोलण्यावर विसंबू नका. बाप नाही, तेव्हा आईनं मृत्युपत्रात लिहिलेलं नाव धरतात. वाद झालाच तर कोर्ट मुलीचं भलं पाहील, पण आईचा विश्वास कोणावर होता हे तरी त्याच्यापुढे असेल. आधी त्या माणसाला विचारा. आणि मुलीलाही."

मुलीलाही! हे मला सुचलंच नव्हतं. मला, जिला कोणी विचारलं नव्हतं.

परवा तिची वेणी घालताना विचारलं. वाटलं, आता ती रडेल, गळ्यात पडेल, असं बोलू नको म्हणेल. तर ती चटकन म्हणाली, "आत्याजवळ." आणि वर, "रिबीन घट्ट बांध." आत्या म्हणजे माझी नणंद. नवऱ्याला सोडून कारंज्यात शिवणकाम करून एकटी राहते, आणि तिचा विषय निघाला की दिरांचं तोंड वाकडं होतं. पोरगी दर उन्हाळ्यात तिच्याकडे जाते आणि हसत परत येते, एवढं मला माहीत होतं. मी नणंदेला फोन केला. तिनं आधी मशीन थांबवलं. मग म्हणाली, "तुमी बऱ्या होऊन या, वयनी. पन लिहा. माहं नाव लिहा."

लिहिलं. मी नोकरी करते त्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांनी साक्षीच्या सह्या केल्या. कागद वकीलबाईंकडे आहे. दिरांना यातलं काही माहीत नाही. सोमवारी तेच मला गाडीनं अकोल्याला नेणार, वाटेत चहा पाजणार, आणि मी त्यांच्या शेजारी तोंड शिवून बसणार. सांगावं तर या घरात राहणं मुश्कील. न सांगावं तर माझ्यामागं त्यांना ते परक्याकडून कळणार, आणि तेही चांगलेच आहेत हो.

हे पत्र कुठं टाकणार? राहील इथंच. पण एक तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते. "आत्याजवळ" म्हणायच्या आधी ती थोडी तरी रडायला पाहिजे होती, बाबा.