पिवळ्या डब्यातला कोळसा

ती. बाबा,

तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले आणि मी तुम्हालाच पत्र लिहायला बसलेय. काय करू? सांगायला दुसरं कुणी नाही. समोर खिडकीत तुमची परीक्षानळी ठेवलीय, तिच्यात स्पिरिट आणि चिमूटभर कोळशाची पूड. आत आई झोपलीय. ती उठायच्या आत मला कळायला हवं, मी तिला काय दिलं ते.

सकाळी युसुफचाचा भेटायला आले होते. तुमच्या खुर्चीकडे बघून लहान मुलासारखे रडले. निघताना म्हणाले, “बेटी, वो पीला डिब्बा संभालके रखना. मास्टरजी ने रंगवाला कोयला उसी में रखा है.”

मी तशीच तुमची परीक्षानळी शोधायला धावले, बाबा!

तुम्ही राम घाटावरून पूजेच्या नारळांच्या करवंट्यांचं पोतं सायकलला बांधून आणायचात आणि सारं माधव नगर हसायचं, आठवतंय? करवंट्या जाळायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. निम्म्या पुडीत मीठ, लवंग, कापूर घातला की आईचं मंजन तयार. उरलेली पूड चाचांच्या कापडछपाईच्या सांडपाण्यात. बाजारात ते नवे, स्वस्त, भडक रंग आल्यापासून चाचांचं काम वाढलं आणि नाल्याचं पाणी किरमिजी झालं. तुम्हाला ते बघवेना.

कोळसा ढवळून पाणी गाळलंत, तर काय नितळ! चाचा डोळे फाडून बघत राहिले. “मास्टरजी, रंग गया कहाँ?”

“कोयले पे चिपक गया!” तुम्ही ऐटीत म्हणालात.

“मग त्या कोळशाचं काय, बाबा?” मी विचारलं होतं.

“बघू गं. आधी पाणी तर साफ होऊ दे.”

झालं! पाणी साफ झालं आणि विष आपल्या माळ्यावर येऊन बसलं. बिनचिठ्ठीच्या बाटलीला हात लावला म्हणून कॉलेजात मुलांना प्रयोगशाळेबाहेर काढायचात ना तुम्ही? घरच्या डब्यावर एक चिठ्ठी डकवायला काय झालं होतं?

पण तुम्हाला काय बोलू! डबा मी काढला. आईचं मंजन संपत आलं होतं. बोटाला लागेल न लागेल इतकंच ती घ्यायची. म्हणायची, “हे संपलं की त्यांच्या हातचं काहीच नाही उरणार.” मला ते ऐकवेना. माळ्यावर पिवळा डबा दिसला, आत तीच काळी पूड. मी ओरडतच खाली आले, “आई, बाबांनी अजून करून ठेवलंय!”

तुमच्यानंतर ती पहिल्यांदा हसली. डबा छातीशी धरून म्हणाली, “मी तर समजत होते, खतमच झालं! सांभाळून ठेव हं, एकदम खर्च नको करू.”

कापराचा वास नव्हता. मला वाटलं, उडून गेला असेल. असं कसं वाटलं मला? मी तुमची मुलगी ना!

चार दिवस झाले. सकाळी आणि दुपारी उठल्यावर, दोन्ही वेळा ती तेच मंजन लावते. काल म्हणाली, “हिरड्या चुरचुरतात गं जरा.” मी म्हटलं, लवंग जास्त झाली असेल.

तुम्हीच सांगितलं होतं, “शंका आली तर स्पिरिटमध्ये टाक. पोटात रंग असेल तर कोळसा ओकेल.” पूड आता तळाशी बसलीय. मी नळीमागे पांढरा कागद धरलाय. देवा, काही दिसू नये.

गुलाबी आहे, बाबा.

मला फार भीती वाटतेय. त्या चुरचुरण्याची, डॉक्टर काय म्हणतील त्याची, आणि सगळ्यात जास्त आईच्या चेहऱ्याची. मनात आलं, गुपचूप डबा रिकामा करावा, बाजारचं काळं मंजन भरावं, वर कापूर चुरावा. तिला कळणारही नाही.

नाही. वचन देते, मी तिला खरं सांगेन. चूक माझी होती हे आधी, तुमचा डबा होता हे नंतर. ही नळी घेऊन आजच तिला फ्रीगंजला डॉक्टरांकडे नेईन. तुमच्या हातचं शेवटचं तिच्या हातातून मीच काढून घेईन.

न्हाणीतला नळ सुरू झाला. आई उठली, आणि डबा तिथेच आहे.

धावते, बाबा.

तुमची घाबरट,
सुमी