नळीच्या तोंडातला झेंडू

प्रिय अण्णा,

तुमच्या रायफलीची सागवानी पेटी मी केली. दस्त्याला तडा गेला तेव्हा शिसवीचा नवा दस्ता मी कोरला. नळी पुसायचा पितळी गज, खांद्याचा कातडी पट्टा, सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही. फक्त नळीला तुम्ही हात लावू दिला नाहीत, आणि खोट तिथंच निघाली! आज नांदेडात कळलं. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही गेल्यावर रायफल नियमानं तिथल्या बंदुकीच्या दुकानात जमा केली. आज तिथल्या मिस्त्रीनं बोल्ट काढून नळी उजेडाकडं धरली. "बघा, साहेब." आतून लख्ख, गोळीला फिरकी देणारे आटे अजून धारदार. तोंडाशी मात्र बोटभर गंज, खड्डेच खड्डे.

आजोबांनी ही जुनी लष्करी रायफल उदगीरला वीतभर कापून घेतली, तेव्हापासून सगळे तिला 'लांडी' म्हणायचे. गोळी भरकटली की, "लांडीच ती, नेम कुठून राहणार?" किती वेळा सांगितलं, आखूड नळीनं गोळीचा वेग कमी होतो, नेम जात नाही. गोळी ज्या काठावरून सुटते तो काठ साफ पाहिजे! तुमचं उत्तर ठरलेलं : "लई शिकवून राहिलास! पलटणीत होतास का रे?" तुम्ही तरी कुठं होतात, अण्णा?

आणि तो दसरा! पूजा झाली की ओला झेंडू नळीच्या तोंडात खोचायचात, तो दिवाळीपर्यंत तिथंच. काढायला गेलो की, "देवाचं फूल हाय ते, हात लावू नको." दर वर्षी! कापून उघडं पडलेलं लोखंड, त्यात ओलं फूल. दुसरं काय होणार होतं?

लातूरच्या चांदमारीवर निशाण सोडून गोळ्या चहूकडं गेल्या, कुणीतरी हसलं, आणि तुम्ही आपलाच उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत बसलात. "न्हाई रे, आता हात थरथरतो." पुन्हा रायफल उचलली नाहीत. अहो, थरथरत नव्हता तो! काठोकाठ भरलेली चहाची बशी ओठाला लावायचात, थेंब सांडायचा नाही. हे तुम्हाला का दिसलं नाही?

परवाना माझ्या नावावर होऊ द्या. परवानगीनं तो काठ नीट करून घेईन, त्याच चांदमारीवर जाईन आणि गोळ्यांनी भोकं पडलेला निशाणाचा कागद तुमच्या फोटोखाली लावीन. दसऱ्याला झेंडू वाहीन, पण दस्त्यावर.

निघताना दुकानदार म्हणाला, "लांडी ठेवून काय करता? साठ हजार देतो." नाही म्हणालो.

तुमचाच हेकट,
दत्ता