छातीवरचं घड्याळ

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, शके १८३४. बीड.
धर्मापुरीहून बैलगाडीनं पोचलो आणि हायसं वाटलं. आप्पांच्या नांगरापासून एकदाची सुटका! सुग्रीव उस्तादांनी मला घड्याळदुरुस्ती शिकवायचं कबूल केलंय. दुकान अरुंद, पण समोरच बाजार. भिंग डोळ्याला लावून आज पहिल्यांदा घड्याळाच्या पोटात बघितलं. ते इवलंसं डुलणारं चाक बघताना जेवायचंही विसरलो.

चतुर्थी.
उस्ताद भारीच तिखट. चुकलं की चिमट्यानं बोटं चिमटतात, गिऱ्हाइकांसमोर 'धर्मापुरीचा बैल' म्हणतात. म्हणू देत, मी शिकणारच. दुरुस्त झालेलं घड्याळ ते खुंटीला टांगत नाहीत. शिकाऊ माणसानं ते सदऱ्याच्या आत, छातीशी बाळगायचं. अंगाच्या उबेत त्याची खरी चाल कळते म्हणे. मला नेकनूरच्या सुंदररावांचं चांदीचं घड्याळ मिळालं. उस्तादांनी बजावलं, "चावी देताना अंगावरून काढायचं. छातीवर आसताना दिलीस, तर तुजं तू बघ." का, ते काही सांगितलं नाही.

सप्तमी.
सकाळी थंडी मरणाची. घड्याळ बाहेर कोण काढतो, म्हणून हात आत घालून तशीच चावी दिली. काहीही झालं नाही. उगाच म्हाताऱ्याचा धाक!

अष्टमी.
नाडीवर बोट ठेवलं आणि घाबरलो. सेकंदकाट्याच्या प्रत्येक घराला एक ठोका. मागे नाही, पुढे नाही. बाजारभर धावून आलो, तरी तसाच.

दशमी.
उस्तादांना सांगितलं. त्यांनी घड्याळ हिसकावलं, झाकण उघडलं आणि चाल कमी केली. मला घेरी आली. मग वाढवली, तर धाप लागून मी जमिनीवर लोळलो. ते नुसते बघत होते. मी पाय धरले. ते म्हणाले, "तुज्या आदीच्या पोरानं बी ऐकलं न्हवतं. आता उतारा न्हाई. घड्याळ चालतंय तवर तू हाईस." मला फार भीती वाटते. रडलोही.

एकादशी.
सुंदरराव घड्याळ न्यायला आले. अजून बिघडलेलं आहे असं सांगा, म्हणून उस्तादांना किती विनवलं. त्यांनी मला ढकललं, घड्याळ मऊ फडक्यानं पुसलं आणि देऊन टाकलं. मी टांग्यामागे धावलो. सुंदररावांनी चाबूक ओढला. पाठ सोलली.

द्वादशी. नेकनूर.
चालत आलो. दारात उभं करत नाहीत. त्यांचा गडी बंकट म्हणतो, घड्याळ पेटीत ठेवलंय, लग्नकार्यालाच निघतं. चावी कुणीच देत नाही.
त्याच्या पाया पडलो. रोज सकाळी, एवढंच— तो हसला. "देतो की बे. ध्यानात राह्यलं तर."

त्रयोदशी.
बंकट बाजाराला गेलाय म्हणे. आज दिली का— कुणी सांगत नाही—
बोटं गार. ठोके लांब पडताहेत. एक— मग बराच वेळ काही नाही— एक—
दार वाजवतोय. आत माणसं बोलताहेत, उघडत—
कुणीतरी त्याला
एक—
अजून एक यायला हवा, अजून