एक उभी साइट

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. उद्या कोणी माझ्यावर पुस्तक काढलं तर त्याला तारखा शोधत फिरायला नको.

मोठी बातमी. आमच्या होर्डिंगवाल्यांच्या असोसिएशनची निवडणूक लागली. अमरावती, अकोला आणि मधली गावं मिळून एक्केचाळीस मतदार, सात संचालक. मतदान २२ तारखेला, अकोल्याला. मी उभा राहतो आहे.

पात्रता फॉर्मवर छापली आहे: सभासदाच्या नावावर किमान एक उभी साइट असावी. माझी एकच आहे, पण उभी आहे. भातकुली रोडला बेबीआत्याच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वीस बाय वीस फुटांचं होर्डिंग. लोखंड अर्धं माझं, अर्धं माझ्या भागीदाराचं, हसनैनचं. वेल्डिंग सगळं हसनैनचं. कल्पना माझी. कागदावर नाव माझं, कारण त्या दिवशी तो आधार कार्ड घरी विसरला होता. सध्या साइटवर ‘येथे जाहिरात करा’ लावलंय. आठ महिने झाले. लोक वाचतात, ही पहिली पायरी.

२ फेब्रुवारी
बांधकाम खात्याच्या हापिसातून दोघं आले आणि साइटच्या खांबाला नोटीस चिकटवून गेले. सांगाडा मजबूत आहे असं इंजिनिअरचं सर्टिफिकेट १८ तारखेपर्यंत दाखवा, नाहीतर कापून नेऊ.

बेबीआत्या म्हणे, पोट्ट्या, आधी तो कागद आन, मंग कुठून निवडून यायचं तिथून ये. मी तिला शांतपणे समजावलं की संचालकाची साइट कोणी कापत नसते, म्हणजे निवडून येणं हाच कागद. हसनैन बोटं मोजत बसला. म्हणाला, अठरा तर बावीसच्या आधी येते बे. हसनैनचा हाच प्रॉब्लेम. बारकाव्यात अडकतो.

तरी रोहितला फोन केला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, आता अकोल्यात इंजिनिअर आहे. म्हणाला, पायाचं माप आण, फोटो आण, एका दिवसात सही देतो. एका दिवसाचं काम. मग सोळा दिवस आधी कशाला करायचं?

४ फेब्रुवारी
फॉर्म भरला. निशाणी शिडी मिळाली. सात जागांना आठ फॉर्म आलेत. म्हणजे आठातला फक्त एक पडणार. शाळेत मला गणिताने फार छळलं होतं, आज तेच गणित माझ्या बाजूने उभं आहे.

५ फेब्रुवारी
साइटवर माझा फ्लेक्स चढला. गॉगलवाला फोटो, खाली ‘उंच विचार, पियुष गावंडे’. खांबावरची नोटीस फारच भकास दिसत होती, तिच्यावर माझं छोटं स्टिकर लावलं.

हसनैनने विचारलं, एकबी मतदार या रस्त्याने येत नाही, तू कोनाले दाखवून राहिला? मी म्हणालो, हवा. हवा इथून तयार होते आणि अकोल्याला जाते. दुपारपर्यंत थांबून लोकांचा प्रतिसाद पाहिला. एक म्हातारे सायकलवरून उतरले, टोपी काढली, फ्लेक्सला हात जोडले आणि आत्याला विचारलं, कधी गेलं पोरगं? आत्या म्हणे, अजून जाच्याच तयारीत हाय.

सांगायचं काय, लोक थांबून पाहतात.

६ फेब्रुवारी
हसनैनने गिऱ्हाईक आणलं. कोचिंग क्लासवाले, मार्चपासून वर्षभर साइट बुक करतात. आठ महिन्यांतलं पहिलं. त्याची आई अकीलाचाचीने मला थांबवून शिरखुर्म्यासारखा गोड चहा पाजला. क्लासवाल्यांची एकच अट, सर्टिफिकेट पाहिजे. सगळे त्या कागदाच्या मागे का लागलेत कळत नाही. उद्या आणतो म्हणून सांगितलं.

७ फेब्रुवारी
अकोल्याला निघालो. वाटेत मूर्तिजापूर आलं. तिथे आपले एक मतदार चंद्रभानजी राहतात, म्हणून उतरलो. ते अमरावतीला गेले होते. आता उतरलोच आहे तर शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीचं स्टेशन पाहावं म्हटलं. गाडी बंद, पण बाकडं चालू. बाकड्यावर एक काका भेटले, या गाडीतून उतरून, बोरं तोडून, परत पळत गाडी कशी पकडायचे ते त्यांनी सांगितलं. सुंदर माणूस. साडेचार तास गेले. निघताना कळलं, ते मतदार नाहीत.

अकोला राहिलं. अनुभव मिळाला.

१० फेब्रुवारी
आज जीवनभाऊंनी स्वतः अकोल्याला बोलावलं. जीवनभाऊ म्हणजे मावळते अध्यक्ष, साठ साइट. मळ्यात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. मला स्वतःच्या शेजारी बसवलं, रोडग्यावर तूप स्वतः सोडलं. मग म्हणाले, पियुष, सात जन कामाचे हायेत, निवडनूक अविरोध होऊ दे. तू फॉर्म मागे घे. तुह्या साइटच्या सर्टिफिकेटचं मी आजच्या आज पाहतो, संध्याकाळी कागद हातात.

मी फक्त हसलो. साठ साइटवाला माणूस एका साइटवाल्याला तूप वाढतो, याला राजकारणात घाबरणं म्हणतात. म्हणालो, भाऊ, शिडी आता मागे फिरत नाही. ते म्हणाले, बरं बाप्पा, अजून एक रोडगा घे.

चार घेतले. रोहितचं ऑफिस तिथून दोन गल्ल्यांवर. पण चार रोडग्यांनंतर दोन गल्ल्या म्हणजे काय असतं ते वऱ्हाडातला माणूसच जाणतो. झाडाखाली पडलो. उठलो तेव्हा रोहित घरी गेला होता.

१२ फेब्रुवारी
फॉर्म मागे घ्यायचा शेवटचा दिवस. नाही घेतला. इतिहास घडवला.

हसनैनला जीवनभाऊंची ऑफर सांगितली. वाटलं, माझा बाणेदारपणा ऐकून खूश होईल. तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, म्हन्जे साइट वाचत होती. मी म्हणालो, अरे, पण संचालकपद? तो म्हणाला, संचालकपद तुह्या एकट्याचं. साइट दोघांची हाय ना बे.

भावनिक माणूस आहे. निवडून आल्यावर त्याला पहिला हार मी घालणार.

१३ फेब्रुवारी
माझी गणती: एक्केचाळीसपैकी सव्वीस मतं पक्की. ‘बघू’ म्हणाले ते पक्के धरले आहेत, ‘पाहू ना’ म्हणाले तेही. फोन न उचलणारे म्हणजे लाजरे मतदार, तेही आपलेच. धारणीचा वली तेवढा राहिला. भिंती रंगवतो. एक मत, पण मेळघाटाचं मत. आज जाऊन उद्या परत. सर्टिफिकेट सोमवारी.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आज परत आलो. तीन दिवस डोंगरात रेंज नव्हती, म्हणून सगळं एकदम लिहितो.

वलीभाई लाख माणूस. मी पोचलो तेव्हा शाळेची भिंत रंगवत होता. म्हणाला, मत देतो, जरा ब्रश धर. धरला. सांगू का, मला ते जमतं. सरळ रेघ मारताना श्वास धरायचा असतो, हे मला या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. ‘मुलगी’ शब्दातला उकार पूर्ण माझा आहे. दुसऱ्या दिवशी दुसरी भिंत. तिसऱ्या दिवशी महाशिवरात्र, जीपमध्ये बोनेटपर्यंत माणसं, मग राहिलोच. पोरं म्हणे, काका, अजून एक अक्षर काढा. मी काढलं. काय दिवस होते. निघताना वलीभाई म्हणाला, बावीसला अकोल्याला येनं काही जमनार नाही भाई, त्या दिवशी भांजीचा निकाह हाय.

परतवाड्याला मोबाइल जिवंत झाला. रोहितचे सहा मिस्ड कॉल. तो शनिवारी स्वतः साइटवर आला होता, अमरावतीला काम होतं म्हणून. पाया किती खोल, ते सांगायला मी नव्हतो. हसनैन खामगावला कामावर गेला होता. आत्याने रोहितला ताक पाजलं आणि सांगितलं, खोल असंल बाप्पा, एवढे दिवस पडलं तर नाही.

इतक्यावर सही करता येत नाही म्हणे. शिक्षण माणसाला भित्रं करतं.

१७ फेब्रुवारी
हसनैनने स्वतः पायाजवळ खोदून माप घेतलं, फोटो काढले, सगळं एका पाकिटात घातलं. पाकिटावर लिहिलं: रोहित सर, अकोला. कुठंच उतरू नको. मला हसू आलं. मी काय लहान आहे?

१८ फेब्रुवारी, बुधवार. रात्री
आधी चांगलं लिहितो. सर्टिफिकेट मिळालं.

कुठेही न उतरता साडेअकराला अकोल्याला पोचलो. स्टँडवर चहा घ्यायला थांबलो तर समोर एकदम पाच मतदार. मी उभा होतो, ते उभे होते, बाकडं रिकामं होतं. माणूस बाकड्यावर चढणार नाही तर काय करणार? भाषणात मोबाइल वाजलेला बरा दिसत नाही म्हणून सायलेंट केला. होर्डिंगचा भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ. मग प्रश्नोत्तरं. त्यातले गोपालशेठ म्हणाले, लेका, तू बोलतो मस्त, तुले कीर्तनाले बोलवलं पाह्यजे. मग सगळ्यांना घेऊन कचोरी. रोहितकडे पोचलो पावणेपाचला. त्याने पाकीट उघडलं, पाच मिनिटांत सही केली. म्हणाला, वेल्डिंग कोनाचं हाय? फार सुंदर काम हाय.

बसमध्ये मोबाइल पाहिला. हसनैनचे एकोणीस कॉल. मेसेज उलटे वाचत गेलो, खालून वर.
कापलं.
गॅस कटर लावला.
साहेब म्हनते पाच वाजेपर्यंत थांबतो.
कागदाचा नुसता फोटो पाठव, चालते म्हनते.
कुठं हायेस?

हा शेवटचा, म्हणजे पहिला, सव्वातीनचा. बडनेऱ्यापर्यंत मी तो फोटो चार वेळा काढला. चांगला आला होता. प्रत्येक वेळी पाठवावा का, असं वाटलं.

साइटवर पोचलो. खांबांचे चार बुंधे उरलेत, गुडघ्याएवढे. आत्या म्हणे, पोरगं त्यायले हात जोडून सांगत होतं, येऊन राहिला, येऊन राहिला. त्यायनं बी लय वाट पाहिली. चहा बी माह्याच घरचा पेले. हसनैन घरी गेला होता.

१९ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. सहानुभूतीची लाट येणार. असोसिएशनच्या ग्रुपवर सगळ्या मतदारांना मेसेज पाठवला: आज माझी साइट गेली, उद्या तुमची, आवाज उठवणारा संचालक निवडा. सोबत बुंध्यांचा फोटो. एक्केचाळीसपैकी तिघांनी अंगठा दाखवला. जीवनभाऊंनी जोडलेले दोन हात पाठवले.

कोचिंग क्लासवाल्यांचा फोन आला. त्यांनी अमरावतीतल्याच नवसारीची साइट घेतली.

हसनैनकडे दोनदा गेलो. अकीलाचाची म्हणाली, कामाले गेला. त्याची चप्पल दारात होती.

२० फेब्रुवारी
असोसिएशनचं पत्र आलं. आपल्या नावावर आजमितीस उभी साइट नसल्याने आपली उमेदवारी रद्द. फोटोचा पुरावा तुम्हीच ग्रुपवर पाठवला आहे.

उत्तर लिहायला बसलो. मुद्दा एक, फॉर्म भरताना साइट उभी होती. मुद्दा दोन, किती वेळ उभी असावी हे लिहिलेलं नाही. मुद्दा तीन, बुंधे अजूनही उभेच आहेत. तिसरा मुद्दा लिहिला आणि तिथेच थांबलो. मला तो स्वतःलाच पटेना. असं पहिल्यांदा झालं.

आता सात जागांना सात उमेदवार.

२२ फेब्रुवारी, रविवार
मतदान नाही. नुसता सत्कार. तरी गेलो, न गेलो तर हरलो असं वाटलं असतं. जीवनभाऊ माइकवर म्हणाले, आपले तरुण सहकारी पियुष गावंडे यांच्या सहकार्याने निवडणूक अविरोध पार पडली. टाळ्या पडल्या. सगळे वळून पाहू लागले, मग मीही उभं राहून नमस्कार केला. दुसरं काय करणार. वांग्याची भाजी त्या दिवशीसारखी नव्हती. तूप ज्याने त्याने आपलं घ्यायचं होतं.

हसनैन मागे एकटा जेवत होता. जीवनभाऊंनी त्याला साठ साइटच्या देखभालीचं काम दिलंय. रोहितनेच वेल्डिंगचं सांगितलं म्हणे. मी पत्रावळ घेऊन त्याच्या शेजारी बसलो. मी म्हणालो, चूक झाली. तो म्हणाला, हो. इतकंच. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, पण ते कारण होतं, म्हणून नाही बोललो.

पाणी पिऊन तो म्हणाला, उद्या सकाळी सातला ये. सात संचालकांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स चढवायचा हाय, चाळीस फुटांवर. मी वर राहीन. खाली दोरी धराले मानूस पाहिजे. हात नाही सोडायचा, मोबाइल खिशात नाही, कोनी बोलावलं तरी जायचं नाही.

मी विचारलं, किती वेळ लागेल?

म्हणाला, मी खाली उतरेपर्यंत.